तुमचे प्रश्न : मटेरियल्सवाल्यांची सोसायटी नेमकं करते तरी काय?

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी दोन ओळी लिहिल्या होत्या, की मेटलर्जी म्हणजे धातुशास्त्र आणि मटेरियल्स शिकणाऱ्या मुलांनी आपल्या डिपार्टमेंटची स्टुडंट सोसायटी जिवंत ठेवली पाहिजे, कारण या विषयातलं अर्धं शिक्षण तिथेच होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आयांची आली, मुलांची आली, एका फाउंड्रीवाल्यांचं, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्यांचं आलं, परदेशातून एक आलं. तेव्हा यावेळचं सगळं सदर याच विषयाला देतेय. मी स्वतः मेटलर्जीची, कॉलेजात सोसायटीची सेक्रेटरी होते, नंतर बावीस वर्षं भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये, म्हणजे स्टील तापवून-गार करून हवं तसं कडक किंवा मऊ करतात तिथे काढली, त्यामुळे यातलं बरंचसं हातानं केलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझा मुलगा पुण्यात मेटलर्जीला सेकंड इयरला आहे. बारावीला चांगले मार्क होते, फर्स्ट इयरला ८.४ पॉइंटर होता, आता ७.६ वर आलाय. विचारलं की म्हणतो सोसायटीचं काम होतं. रात्री नऊ नऊ वाजेपर्यंत लॅबमध्ये असतो, सुट्टीत घरी आला तेव्हा बोटांची टोकं काळी, नखांत काळं, मला तर गॅरेजमध्ये कामाला लागला की काय असं वाटलं. ही सोसायटी म्हणजे नक्की काय असतं आणि त्याला बंद करायला सांगू का?
एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी त्या काळ्या बोटांचं सांगते म्हणजे तुमचा अर्धा घोर जाईल. तो काळा रंग एमरी पेपरचा आहे. स्टीलचा किंवा बिडाचा (कास्ट आयर्नचा) छोटा तुकडा कापायचा, तो बेकेलाइटच्या गोल वडीत बसवायचा, साधारण कॅरम सोंगटीएवढी वडी होते, आणि मग तो पॉलिश पेपरवर घासायचा. आधी २२० नंबरचा खरबरीत पेपर, मग ४००, ६००, ८००, १०००, असं बारीक बारीक होत जायचं. दर वेळी पेपर बदलला की तुकडा नव्वद अंशात फिरवायचा, कारण आधीचे ओरखडे आडवे दिसले पाहिजेत, ते पूर्ण गेले की मगच पुढचा पेपर. घाई केली की शेवटी मायक्रोस्कोपखाली एकच जाड ओरखडा दिसतो आणि परत ४०० पासून सुरुवात. मग मखमलीसारख्या कापडावर अल्युमिना पावडर टाकून फिरत्या चकतीवर आरसा होईपर्यंत, मग नायटलमध्ये दहा-पंधरा सेकंद बुडवायचं, नायटल म्हणजे अल्कोहोलमध्ये अगदी थोडं नायट्रिक ॲसिड, आरसा जरा धुरकट झाला की लगेच धुवायचं, वाळवायचं. आणि मग भिंगाखाली धरलं की स्टील आतून कसं आहे ते दिसतं. पांढरे दाणे, त्यांच्यामध्ये काळपट दाणे, आणि भिंग वाढवलं की त्या काळपट दाण्यात चिरोट्यासारखे एकावर एक पापुद्रे. त्या पापुद्र्यांच्या रचनेचं नाव पर्लाइट. शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी नावाच्या माणसानं १८६३ च्या सुमाराला पहिल्यांदा स्टीलकडे असं बघितलं आणि आमचा सगळा विषय तिथून पुढे सरकला. तुमचा मुलगा रात्री नऊपर्यंत बहुतेक हेच करत असणार, मेटॅलोग्राफीची, म्हणजे धातू असा आतून बघण्याची कॉम्पिटिशन असते तिची तयारी.

लॅबच्या तासाला वीस मुलं आणि दोन चालू मशीन असतात, त्यात एकाच्या वाट्याला जेमतेम एक सँपल येतं. सोसायटीत तोच मुलगा तीस सँपल करतो. कंपनीत पहिल्या दिवशी हातात तुटलेला शाफ्ट देऊन "का तुटला सांग" असं म्हणतात तेव्हा एक सँपलवाला आणि तीस सँपलवाला यांच्यातला फरक मी समोर उभं राहून बघितलाय.

आता सोसायटी म्हणजे काय, तर डिपार्टमेंटच्या मुलांची संघटना, एक सर किंवा मॅडम सल्लागार, एक कमिटी, थोडीशी वर्गणी. बऱ्याच ठिकाणी ती एखाद्या मोठ्या संस्थेशी जोडलेली असते. आपल्याकडे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स आहे, १९४६ ची, मुख्यालय कोलकात्याला, पुणे मुंबई नागपूरला तिचे चॅप्टर आहेत. १४ नोव्हेंबर सगळ्यांना बालदिन म्हणून माहीत असतो, आमच्यासाठी तो राष्ट्रीय धातुशास्त्रज्ञ दिवस. दुसरी अमेरिकेतली एएसएम इंटरनॅशनल, तिची सुरुवात १९१३ साली डेट्रॉइटमध्ये स्टीलला हीट ट्रीटमेंट करणाऱ्या लोकांच्या क्लबातून झाली. म्हणजे भट्टीवर काम करणारी माणसं संध्याकाळी एकत्र बसून "तुझं पातं का वाकलं, माझं का तडकलं" असं बोलायला लागली, त्यातून एवढी मोठी संस्था झाली. मुलांच्या सोसायटीचं कामही तेच आहे.

पॉइंटरची तुमची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. प्लेसमेंटला कंपन्या कटऑफ लावतात आणि सातच्या खाली गेलं की काही दारं खरंच बंद होतात. बंद करायला सांगू नका, पण एक गोष्ट ठरवून घ्या, परीक्षेच्या तीन आठवडे आधीपासून सोसायटीचं काम शून्य, कमिटीत असला तरी. आणि पुढच्या वेळी घरी आला की त्याला म्हणा, तू घासलेल्या सँपलचा फोटो दाखव आणि मला समजावून सांग. त्याला तुम्हाला नीट समजावता आलं तर वेळ सत्कारणी लागतोय. नुसते स्टेजवरचे आणि हारतुऱ्यांचे फोटो दाखवले तर मात्र बोलायला हवं.

प्रश्न : मॅम आम्ही यावर्षीची कमिटी आहोत, मटेरियल्स डिपार्टमेंट, थर्ड इयर. जूनपासून आतापर्यंत सहा गेस्ट लेक्चर घेतले, चार ऑनलाइन. पोस्टर मस्त बनवतो इन्स्टावर टाकतो पण येतात बारा जण आणि त्यातले दहा कमिटीतलेच. फर्स्ट इयरवाले तर म्हणतात आम्हाला कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून इथे आलो, त्यांना यात काय इंटरेस्ट असणार. काय करू? बजेट पण नाहीये.
कमिटीतला एक, नागपूर

उत्तर : लेक्चर बंद करा. सहा महिने एकही नको. वक्ते वाईट असतात असं नाही, पण जो मुलगा रोज सहा तास लेक्चर ऐकून आलाय त्याला पाच वाजता सातवं कशाला? आणि जो मनातून कॉम्प्युटरला बसलाय त्याला तर हातात काहीतरी दिल्याशिवाय तुम्ही परत आणूच शकणार नाही. हातात द्या रे. आपल्या विषयाची ताकदच ती आहे, की तो हाताला कळतो.

एक संध्याकाळ सांगते, खर्च पाचशे रुपयांच्या आत. इलेक्ट्रिकच्या दुकानातून अर्थिंगची आठ गेजची तांब्याची तार आणा, फूटभर लांबीचे तुकडे करा, गॅसच्या फ्लेमवर लालसर होईपर्यंत तापवा आणि सरळ पाण्यात बुडवा. फर्स्ट इयरच्या पोराच्या हातात द्या, म्हणा वाकव. लोण्यासारखी वाकते. आता म्हणा सरळ कर. नाही होत! तीच तार, तोच हात, अर्ध्या मिनिटापूर्वी वाकवली तीच, आता जोर लावून लावून बोटं लाल होतात आणि ती वेडीवाकडीच राहते. का? कारण वाकवताना आतल्या डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या चुका, वाढल्या आणि एकमेकींत अडकल्या. सेम टू सेम तुळशीबागेत संध्याकाळी होतं तसं, माणसं वाढली की कुणालाच हलता येत नाही. परत तापवा, परत मऊ. हे ज्यानं हातानं केलं तो वर्क हार्डनिंग (वाकवून कडक होणं) आणि ॲनीलिंग (तापवून मऊ होणं) आयुष्यात विसरत नाही, मी सांगते.

मग लगेच गोधडीच्या मोठ्या सुया काढा, चार. एक तशीच ठेवा, दोन लालभडक तापवा. त्यातली एक हवेत हळूहळू गार होऊ द्या, दुसरी लाल असतानाच पाण्यात टाका. हवेतली सुई तारेसारखी वाकते, पाण्यातली काडकन तुटते. आणि आता विचारा पोरांना, तांब्याला पाण्यात टाकलं तर ते मऊ राहिलं आणि स्टीलला टाकलं तर ते काचेसारखं झालं, असं का? इथे गप्प बसायचं. उत्तर सांगायचं नाही. दोघं-तिघं भांडायला लागतील, एक जण फोन काढेल, कुणीतरी मार्टेन्साइट हा शब्द, म्हणजे लाल स्टील एकदम गार केलं की आत होणारी कडक रचना, उच्चारेल, आणि तुमची सोसायटी सुरू झाली असं समजा. नंतर चौथी सुई तशीच लाल करून पाण्यात विझवून, बारीक एमरीनं चमकवून, तव्यावर हळूहळू गरम करा आणि रंग बघा, आधी गवती पिवळा येतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. निळा रंग साधारण तीनशे अंशाला येतो, तिथे काढली की सुई तुटतही नाही, वाकून परत सरळ होते. गावातला लोहार विळ्याला पाणी पाजताना हेच रंग बघतो, त्याच्याकडे थर्मोमीटर कुठे असतो.

सुई तोडताना सगळ्यांच्या डोळ्यांना गॉगल हवा, तुकडा उडतो, यात हयगय नको. नायटल वापरणार असाल तर ते लॅबच्या सरांसमोरच, लागेल तेवढंच बनवायचं, दोन टक्के पुरतं, पाच टक्क्यांच्या वर नायट्रिक जाऊ द्यायचं नाही, आणि घट्ट बूच लावून कपाटात ठेवून द्यायचं तर अजिबात नाही.

सर मदत करणार असतील तर अजून एक, मला स्वतःला सगळ्यात आवडणारं. दोन खांबांमध्ये मीटरभर लोखंडाची बारीक तार ताणायची, मध्ये एखादं छोटं वजन टांगायचं, आणि कमी व्होल्टेजचा जास्त करंट सोडायचा. तार तापते, लांब होते, वजन खाली येत जातं, लाल होते, अजून खाली, आणि मग ९१२ अंशांच्या आसपास ते वजन अचानक वर उचललं जातं! तापतेय तरी तार आखडली. लोखंडाचे अणू एका रचनेतून दुसऱ्या जास्त दाट रचनेत गेले ते तुम्ही उघड्या डोळ्यांनी बघितलंत. करंट बंद केला की तीच गोष्ट उलटी होते. खोलीतले दिवे घालवून करा. आमच्या वेळी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मागून कुणीतरी "परत, परत" ओरडलं होतं आणि आम्ही अकरा वेळा केलं, शेवटी तार तुटली.

आणि पाहुणा बोलवायचाच असेल तर कल्हईवाल्याला बोलवा. खरंच सांगतेय. आता ते कमी राहिलेत, पण शोधलात तर सापडतील. भाता, कोळसे, नवसागर, कथिल आणि कापसाचा बोळा एवढंच सामान. कथिल २३२ अंशाला वितळतं म्हणून त्याला साधी शेगडी पुरते, आणि नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर निघतो, तो नवसागरच तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा थर खातो, नाहीतर कथिल धरणारच नाही. एका भांड्यात फेज (वितळणं-गोठणं), फ्लक्स (तो नवसागर), वेटिंग (कथिल पसरून धरणं), कोटिंग (वरचा थर) एवढे चार चॅप्टर. त्याला त्याचे पूर्ण पैसे द्या आणि वक्त्याला देता तसा नारळ-शाल द्या. पुण्यातल्या मुलांना तर कसब्यात तांबट आळी आहे, तिथे मठारकाम बघायला जा. हंड्यावर जे एकसारखे ठोके दिसतात ते शोभेला नाहीत नुसते, त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो, म्हणजे तुमची ती वाकलेली तारच. फार कडक झाला की तांबट परत भट्टीत तापवून मऊ करतो आणि परत ठोकतो.

प्रश्न : मी सोसायटीची जॉइंट सेक्रेटरी आहे. फाउंड्री व्हिजिटला गेलो तेव्हा मेटल ओतत होते तेव्हा मुलींना ऑफिसमध्ये बसवलं, चहा दिला, मुलं आत गेली. आमच्या कमिटीतही मुलींकडे अँकरिंग, रांगोळी आणि बुके. बोललं की म्हणतात तुमच्या सेफ्टीसाठीच. मला वाद नको पण वाईट वाटतं.
थर्ड इयर, नाव नको

उत्तर : वाईट वाटतं ते बरोबरच आहे आणि वाद होईल म्हणून गप्प बसू नकोस. १४०० अंशाचं लोखंड मुलगा-मुलगी बघत नाही. ज्याच्या अंगात नायलॉनचा टी-शर्ट आहे तो मुलगा असला तरी बाहेर, आणि जिच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सुती पँट, पायात जाड चामड्याचे सेफ्टी शूज, केस बांधून टोपीत आणि डोळ्यांवर गॉगल आहे ती आत. ओढणी नको, सिंथेटिक काहीही नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. हाच नियम पुढच्या व्हिजिटच्या आधी तू स्वतः लिहून काढ, सल्लागार सरांची सही घे आणि कंपनीला आधी पाठव, त्यात खाली एक ओळ टाक की नियम पाळणारे सगळे विद्यार्थी आत येतील. कागद आधी गेला की तिथे दारात वाद होत नाही.

आणि पुढच्या निवडणुकीत लॅब आणि व्हिजिटची जबाबदारी माग. बावीस वर्षं मी भट्टीसमोर काम केलं. पहिले सहा महिने मलाही ऑफिसातच बसवलं होतं, मग एका रात्री शिफ्टला माणूस आला नाही आणि मी चार्ज, म्हणजे भट्टीतला तापलेला माल, काढला, त्यानंतर कुणी विचारलं नाही.

प्रश्न : आमची शिरोलीला बिडाची फाउंड्री आहे. दरवर्षी दोन-तीन कॉलेजांची मुलं येतात. चाळीस पोरं, एक सर, तासभर फिरतात, सेल्फी काढतात, नाश्ता करतात आणि जातात. मी नाही म्हणत नाही, आपलीच पोरं आहेत, पण माझं अर्ध्या शिफ्टचं काम थांबतं. यातून त्यांना काय मिळतं आणि खरं बोलायचं तर आम्हाला काय मिळतं?
एक फाउंड्रीवाले, कोल्हापूर

उत्तर : दादा, पुढच्या वेळी चाळीस पोरांना नाहीच म्हणा. आठ जण पाठवा म्हणावं, पण एकदा नाही, चार वेळा. आणि त्यांना फिरवू नका, त्यांच्यासमोर एक रिजेक्ट झालेलं कास्टिंग, म्हणजे ओतलेला पार्ट, ठेवा. तुमच्या रिजेक्शनच्या ढिगात आत्ता काहीतरी असेलच. म्हणा, यात भोक का पडलं ते महिनाभरात सांगा.

त्यांना आधी भोकाच्या आत बोट घालायला आणि टॉर्च मारून बघायला लावा. आतली भिंत गुळगुळीत आणि गोलसर असेल तर तो गॅस, ब्लो होल. आत खडबडीत, कोपऱ्या-कोपऱ्याची, झाडाच्या फांद्यांसारखी बारीक टोकं दिसत असतील तर ते श्रिंकेज, म्हणजे धातू गोठताना आकसला आणि रायझरनं, म्हणजे साच्यातल्या जादा धातूच्या साठ्यानं, त्याला वेळेवर पाजलं नाही. दोन्हीचे उपाय एकदम वेगळे. गॅस असेल तर पोरांना सँड प्लांटवर, साच्याची वाळू तयार होते तिथे, पाठवा. तुमचा जुना मोल्डर, म्हणजे साचे करणारा, वाळू मुठीत दाबून, मूठ उघडून, तो गोळा मोडून बघतो ना, कडा धारदार मोडली तर ठीक, हाताला चिकटली तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. मुलांनी तीच वाळू लॅबमध्ये नेऊन मॉइश्चर मोजायचं, तीन-चार टक्क्यांच्या पुढे गेलंय का बघायचं, आणि मोल्डरच्या मुठीशी ताडून बघायचं. आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ. पावसाळ्यात तर नक्कीच काहीतरी सापडेल.

तुम्हाला काय मिळतं, तर मायक्रोस्ट्रक्चर, म्हणजे धातू भिंगाखाली आतून कसा दिसतो ते. छोट्या फाउंड्रीला दर हीटचं (भट्टीच्या दर वितळणीचं) सँपल बाहेर पाठवणं परवडत नाही, मुलांना सँपल हवेच असतात. बिडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या वाळलेल्या कढीपत्त्यासारख्या दिसतात, आणि एसजी आयर्न, म्हणजे गोल ग्रॅफाइटचं बीड, करत असाल तर मॅग्नेशियमनं त्याच पाकळ्यांची गोल मोहरी होते. हे मॅग्नेशियमचं तंत्र १९४८ साली जगासमोर आलं आणि बीड ठिसूळच असणार हा समज त्यानं मोडला, कारण पाकळीच्या टोकाला चीर सुरू होते, मोहरीला टोकच नाही. मोहरीच्या जागी अर्धवट पाकळ्या दिसायला लागल्या की तुमची ट्रीटमेंट (मॅग्नेशियम घालणं) आणि ओतणं यात वेळ जास्त जातोय, हे पोरं फोटोसकट दाखवू शकतील. सर्टिफिकेटचं काम तेवढं मान्यताप्राप्त लॅबमध्येच करा, मुलांच्या रिपोर्टवर माल पाठवू नका.

एकच अट घाला, रिपोर्ट मराठीत, दोन पानी, आणि तो तुमच्या मोल्डरला वाचून दाखवायचा. ऑफिसात देऊन जायचं नाही.

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळची साताऱ्याची, सध्या अमेरिकेत ओहायोमध्ये मटेरियल्समध्ये एमएस करतेय, पहिलंच सेमिस्टर आहे. इथे डिपार्टमेंटमध्ये मटेरियल ॲडव्हान्टेज म्हणून स्टुडंट चॅप्टर आहे, मेल येतात, पिझ्झा असतो, पण सगळे इथलेच असतात, अंडरग्रॅड जास्त, मला जायला संकोच वाटतो. मास्टर्सवाल्यांनी जावं का?
ओहायोहून

उत्तर : जा गं, या आठवड्यातच जा. त्या एका मेंबरशिपमध्ये चार संस्था येतात, एएसएम, सिरॅमिक्सवाल्यांची एसीईआरएस, स्टीलवाल्यांची एआयएसटी आणि खनिज-धातू-मटेरियल्सवाल्यांची टीएमएस. या चारही ठिकाणी नोकरी देणारी माणसं भेटतात, आणि तुला दीड-दोन वर्षांत नोकरी शोधायचीय तेव्हा पहिल्या सेमिस्टरपासून ओळख हवी. शिवाय तू ओहायोतच आहेस, एएसएमचं मुख्यालय क्लीव्हलँडजवळ मटेरियल्स पार्कला आहे, वर जाळीचा भलामोठा घुमट आहे, एकदा बघून ये.

संकोच घालवायचा सोपा उपाय म्हणजे बोलायला न जाता काम करायला जायचं. तिकडे दर वर्षी शरद ऋतूत एमएस अँड टी नावाची मोठी परिषद असते, त्यात मुलांची सिरॅमिक मग टाकायची स्पर्धा असते. स्वतः बनवलेला मग वाढत्या उंचीवरून जमिनीवर टाकायचा, ज्याचा टिकेल तो पुढे. माती कुठली, भाजलं किती, भिंत जाड की पातळ, कान कुठे बसवला, सगळं लागतं त्यात. चॅप्टरमध्ये त्याची टीम आहे का विचार आणि मातीत हात घाल, मळताना कुणाला इंग्रजी सुचत नाही आणि कुणाला त्याची गरजही पडत नाही. आपल्याकडच्या कुंभाराच्या चाकाविषयी चार गोष्टी तुला माहीत असतील त्या सांग त्यांना. आणि इकडच्या कमिट्यांनो, तुम्ही पण वाचा हे, कुंभारवाड्यातून कच्ची पणती आणून वेगवेगळ्या तापमानाला भाजून वरून टाकायची स्पर्धा कुठल्याही कॉलेजात होऊ शकते.

थोडक्यात

गेटसाठी सोसायटीचा उपयोग होतो का, असं दोघांनी विचारलंय. मेटलर्जीच्या एमटी पेपरला थेट नाही, तिथे गणितं सोडवावीच लागतात, पण फेज डायग्रॅमवर, म्हणजे कुठल्या तापमानाला धातूची कुठली रचना असते त्या नकाशावर, चार जण भांडत बसलात तर तो भाग पक्का होतो.

ब्रँच बदलून कॉम्प्युटर घेऊ का, हे विचारणाऱ्या फर्स्ट इयरला, आधी वरची सुया आणि तारेची संध्याकाळ कर, मग महिनाभरानं लिही मला.

आमच्या कॉलेजात हे डिपार्टमेंटच नाही, मेकॅनिकल आहे, सोसायटी काढता येईल का, असं बारामतीहून आलंय. येईल की. मटेरियल्सचा पेपर तुम्हालाही असतोच, एक आवड असलेले सर, पाच मुलं आणि एक मायक्रोस्कोप पुरतो. जवळच्या पुणे चॅप्टरशी बोला, ते वाट दाखवतात.

प्रश्न : आम्ही फायनल इयरची कमिटी, मे मध्ये पासआउट होऊ. ज्युनिअर्सना काय काय द्यायचं, हँडओव्हर कसा करायचा? आमच्या आधीच्यांनी आम्हाला फक्त इन्स्टाचा पासवर्ड दिला होता.
फायनल इयर, पुणे

उत्तर : हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण याचं उत्तर देताना मला अजून त्रास होतो. आम्ही तीन वर्षं खपून शंभरावर सँपल केली होती. बिडाची, स्टीलची, पितळेची, आणि सगळ्यात मोलाची म्हणजे तुटलेल्या पार्टची, कुठल्या कुठल्या कारखान्यात जाऊन मागून आणलेली, शाफ्ट, स्प्रिंग, एका ट्रकच्या एक्सलचा तुकडा. लाकडी कपाट होतं, त्याला एक किल्ली. परीक्षा संपली, गडबडीत प्रत्येकाला वाटलं किल्ली दुसऱ्यानं दिली, रजिस्टर एकाच्या हॉस्टेलच्या खोलीत राहिलं आणि ते रद्दीत गेलं. तीन वर्षांनी मी कॉलेजात गेले तेव्हा कपाट फोडलेलं होतं, वर खिडकीतून पाणी आलेलं, सँपल गंजून काळी पडलेली आणि लेबलं पेननं लिहिलेली, सगळी पुसलेली. आमच्या नंतर दोन वर्षं सोसायटीच नव्हती. चूक आमची होती, नंतरच्या मुलांची नाही.

तर हे करा. मे मध्ये हँडओव्हर नको, जानेवारीत करा, म्हणजे चार महिने दोन्ही कमिट्या एकत्र काम करतील आणि तुम्ही असतानाच त्यांच्या चुका होतील. कमिटीत दर वर्षी किमान दोन सेकंड इयरवाले हवेत. किल्ल्या दोन, एक लॅब असिस्टंट काकांकडे, कारण कॉलेजात सगळ्यात जास्त वर्षं तेच असतात आणि कुठलं मशीन कुठे ठोकलं की चालतं हेही त्यांनाच माहीत असतं. त्यांचं नाव सोसायटीच्या बोर्डावर लावा. ज्या कारखान्यांत जाता तिथल्या माणसाचा फोन कोणाच्या मोबाइलमध्ये नको, वहीत हवा, आणि ज्युनिअरला बरोबर घेऊन एकदा भेट घालून द्या. हिशोब सरांच्या सहीचा. सँपल ठेवताना डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, वर तेलाचा हात फिरवा किंवा लॅकर मारा.

आणि रजिस्टर. प्रत्येक सँपलला एक ओळ, कुठून आलं, कुठला पार्ट, काय झालं होतं, कुठून कापलं, काय दिसलं, कोणी केलं. वही एक, फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. नंबर मात्र सँपलच्या पाठीवर सुईनं किंवा एन्ग्रेव्हरनं कोरायचा, पेन नाही, मार्करही नाही.

त्या कपाटातून मी एकच सँपल उचलून आणलं होतं, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. परत घासून बघितलं, सुंदर दिसतं आतून, कडेपासून आत जाणारी एक बारीक चीर आहे. स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूत काय काय आहे ते सांगणाऱ्या मशीनला, टाकलं तर स्टील कुठलं ते आजही कळेल. पण ते कुठल्या पार्टमधून कापलं, तो कुठे तुटला आणि कोणी आणला होता, हे आता कुणालाच सांगता येत नाही.